घरसभेत ‘आशीर्वाद’ हा विषय कसा घ्यावा

“ताई, मोबाईलवरचे पास्टर म्हणतात, विश्वास पक्का असेल तर कर्ज फिटतं. मग आमचं का फिटत नाही?” घरसभा, म्हणजे घरी जमून बायबलवाचन आणि प्रार्थना, चालवणाऱ्या प्रत्येकीपुढं हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आणि आपण पटकन सांगून मोकळ्या होतो, “बाई गं, इथलं इथंच राहणार, खरं धन स्वर्गात.” असं सांगू नका. ऊसतोडीहून परतलेल्या, बचत गटाचा हप्ता डोक्यावर असलेल्या बाईला हे ऐकताना काय वाटतं ते तिच्या तोंडावरच दिसतं. मी नगर जिल्ह्यात शाळेवर होते, आता निवृत्त आहे आणि आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायकांची घरसभा घेते. हा विषय मी कसा घेते ते सांगते.

बायबलातला उतारा एकच घ्यायचा : मार्क १०:१७ ते ३१, म्हणजे ज्या धनवानाला येशू ‘सगळं विकून गरिबांना दे’ सांगतो त्याची गोष्ट. मलाखी, अनुवाद, यिर्मया, योहान अशा बायबलातल्या वेगवेगळ्या पुस्तकांतल्या वचनांची भेळ करायची नाही. दहा वचनं काढली की ज्याचा आवाज मोठा त्याचं वचन जिंकतं.

वाचन वाटून द्या. एकीनं येशूचं बोलणं वाचावं, एकीनं त्या धनवानाचं, एकीनं शिष्य पेत्राचं, बाकीचं तुम्ही. जिला वाचता येत नाही तिला आधीच्या दिवशी पेत्राचं एकच वाक्य पाठ करून ठेवायला सांगा : आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो आहोत. तिच्या तोंडून ते वेगळंच ऐकू येतं.

मग पहिला प्रश्न टाका. हा माणूस मागतोय काय? सार्वकालिक जीवन. पैसा त्यानं मागितलेला नाही, तो त्याच्याकडं आहेच. शेतंभातं, माणूसपण, आज्ञापालन, सगळं असून तो धावत येऊन गुडघे टेकतो. ‘पैसा आला की सगळं मिटेल’ असं मनात धरून बसलेल्या बायका इथं जरा थांबतात. थांबू द्या, लगेच पुढं पळू नका.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. येशू आज्ञा म्हणून दाखवतो : खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, ठकवू नको, आईबापांचा मान राख. आता निर्गम २० उघडायला लावा आणि ‘ठकवू नको’ शोधायला सांगा. दहा आज्ञांत ते सापडत नाही. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण त्यांच्यातही हे शब्द नाहीत. श्रीमंत माणसाशी बोलतानाच मार्कच्या येशूनं हे का घातलं असेल? आमच्याकडं उत्तर शोधावं लागत नाही. कुणीतरी मुकादमाचं नाव काढतंच. त्या वेळी याकोब ५:४ वाचा. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ते गाऱ्हाणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं, असं तिथं आहे. सार्वकालिक जीवनाच्या गोष्टीत मजुरीचा हिशेब येतो, हे आमच्या बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

‘धनवानानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं’ या वचनाशी आलात की एखादी हमखास सांगेल, “यरुशलेमेला ‘सुईचं नाक’ नावाचा लहान दरवाजा होता, उंट गुडघ्यावर बसून आत जायचा.” फार प्रिय कथा आहे ही, मी ती मोठमोठ्या संदेशांतून ऐकली आहे. पण त्या काळात असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. कथा कितीतरी शतकांनंतरची आहे. शिवाय उंट जाऊ शकत असता, तर ‘मग कोणाचे तारण होणार?’ म्हणून शिष्य एवढे थक्क कशाला झाले असते? कथा सांगणारीला दुखवू नका, शिष्यांचं वाक्य तेवढं पुन्हा वाचून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ २९ आणि ३० या वचनांना ठेवा, कारण आपल्यासाठी घर, माणसं, शेतं सोडणाऱ्याला ‘शंभरपट’ मिळेल, असं येशू तिथं म्हणतो. मोबाईलवर त्याचा व्याजदर झालेला असतो : शंभर द्या, दहा हजार घ्या. यादी फळ्यावर नाहीतर वहीच्या पानावर लिहा. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. आता विचारा, शंभर आया कुणाच्या बँकेत जमा होतात? मंडळीत होतात. ज्याला घरातून काढलं त्याला दुसऱ्यांची घरं उघडतात, असंच हे देणं आहे. सोडलेल्यांच्या यादीत बाप आहे, मिळणाऱ्यांच्या यादीत नाही. हेही त्यांनाच शोधू द्या. आणि शेवटी एक शब्द आहे, जो त्या संदेशांत कधी वाचला जात नाही : ‘छळणुकीबरोबर’. सार्वकालिक जीवन त्यानंतर येतं.

उदाहरण द्यायचं तर लांब जाऊ नका. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या मुलींना आया मिळाल्या, बहिणी मिळाल्या, शेत मिळालं, विणकाम आणि छापखाना मिळाला. तिथं प्रार्थनाही होत होती आणि विहिरीही खणल्या जात होत्या. हे स्वर्गाचं आणि ते पृथ्वीचं अशी वाटणी रमाबाईंनी केलेली मला दिसत नाही.

छळणूक म्हटल्यावर आरक्षणाचा विषय निघतो. तयारी ठेवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले दलित आले नाहीत. म्हणजे आमच्यातल्या कित्येक घरांसाठी ‘येशूमागे जाणं की सुबत्ता’ हा प्रश्न कॉलेजच्या फॉर्मवरच्या रकान्यात येतो. हे मोकळेपणानं मांडा. पण फॉर्मवर कोण काय लिहितं ते सभेत कुणालाही विचारू नका, आणि विचारू देऊ नका.

मलाखी ३:१० कुणीतरी काढणारच : दशांश (मिळकतीचा दहावा भाग) आणा आणि आकाशाची दारं उघडतात की नाही ते पाहा. नाही म्हणू नका. फक्त पाच वचनं मागं न्या. ३:५ मध्ये देव मजुरांची मजुरी अडवणाऱ्यांवर, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणाऱ्यांवर साक्षीला उभा आहे. मग अनुवाद १४:२८-२९ : तिसऱ्या वर्षीच्या दशांशातून लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचं. म्हणजे आपल्या सभेतली विधवा त्या वचनात घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेली आहे. तिच्याकडून ‘बी पेरा, देव कित्येक पटींनी परत देईल’ म्हणून हजार रुपये मागणाऱ्यानं हा अध्याय वाचलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. हे ‘बी पेरण्याचं’ शास्त्र अमेरिकेतले प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी गाजवलं, आणि त्यांचं लाडकं वचन ३ योहान २ : तुझं सर्व गोष्टींत बरं चालावं आणि तू निरोगी असावंस. ते वचन म्हणजे गायसला लिहिलेल्या पत्राची सुरुवात. आपणही पत्रात ‘तुम्ही सर्व खुशाल असाल’ लिहितो. त्यावर कुणी कर्ज काढत नाही.

माझी कसोटी साधी आहे. शिकवण ऐकली की पाहा, खिशात हात कुणाला घालावा लागतो. मार्क १० मध्ये धनवानाला घालावा लागतो आणि पैसा गरिबांकडं जातो, येशूकडं नाही.

प्रार्थनेच्या वेळी कर्जासाठी, नोकरीसाठी, दुखण्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. रोजची भाकर मागायला प्रभूनंच शिकवलं आहे, त्यात कमीपणा नाही. त्या दिवशी दानाची थाळी मात्र फिरवू नका. चहाच्या वेळी जिनं प्रश्न विचारला तिच्याजवळ बसा आणि हळूच विचारा : हप्ता कुठला, गटाचा की खासगी फायनान्सचा, व्याज काय, पासबुक आहे का. बँकेतून निवृत्त झालेलं कुणी ना कुणी मंडळीत असतंच, त्यांच्याशी तिची गाठ घालून द्या.

पुढच्या आठवड्याला लूक १९ घ्या, धनवान जकातदार जक्कयची गोष्ट. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ठकवलेल्यांना चौपट परत करतो, आणि येशू त्याला ‘सगळं विक’ म्हणतच नाही. त्या धनवानाला एक नियम आणि जक्कयला दुसरा का, हे एखादी विचारेल. तिलाच पुढची सभा घ्यायला सांगा.