कार्बोहायड्रेट्सचा तक्ता घोकू नका, तोडून बघा

अकरावीला बायोमॉलिक्यूल्स, म्हणजे सजीवांतले रेणू, हा धडा आला की पोरं मोनो-डाय-पॉलीचा तक्ता घोकत बसतात आणि पेपरात लॅक्टोज कुठल्या खान्यात टाकायचं तिथेच गाडी अडते. त्यापेक्षा प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायचा, हायड्रोलिसिस केलं, म्हणजे पाण्याने तोडलं, तर याचे किती तुकडे पडतात?

पडतच नाहीत ती मोनोसॅकराइड. ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, तिघांचं सूत्र एकच सी६एच१२ओ६, आतली मांडणी तेवढी वेगळी. दोन पडले की डाय, आणि अभ्यासातल्या तिन्हींत ग्लुकोज असतंच: साखरेतलं सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दुधातलं लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, माल्टोज म्हणजे ग्लुकोजच दोनदा. शेकडो-हजारो पडले की पॉली, म्हणजे स्टार्च, ग्लायकोजेन, सेल्युलोज. शेवटी 'ओज' आलं म्हणजे गोड असं काही नसतं हं, सेल्युलोज म्हणजे तुमच्या वहीचा कागद.

आता प्रॅक्टिकल. टेस्ट ट्यूबमध्ये बेनेडिक्ट, म्हणजे साखर ओळखायचं निळं द्रावण, घ्या, जे तपासायचंय त्याचं थोडं सोल्युशन टाका आणि उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा. ग्लुकोज असेल तर निळ्याचं हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी होतं, आणि कमी असेल तर हिरव्या-पिवळ्यावरच थांबतं. लॅक्टोज, माल्टोजही रंग देतात. सुक्रोज मात्र निळंच्या निळं, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जी टोकं रिअ‍ॅक्ट व्हायची तीच एकमेकांत अडकलेली असतात. व्हायवात हमखास हेच विचारतात. तेच सुक्रोज आधी डायल्युट एचसीएल (पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) टाकून उकळा, मग खायचा सोडा फेस थांबेपर्यंत चिमूट चिमूट घाला आणि परत बेनेडिक्ट करा, आता विटकरी येणार. सोडा विसरलात तर अ‍ॅसिडमुळे टेस्ट बोंबलते, आणि मग सगळे बिचाऱ्या बेनेडिक्टला शिव्या घालतात.

स्टार्च घरीच बघता येतं. बटाट्याच्या फोडीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, काळंनिळं होतं, कच्च्या केळ्यावरही तसंच, पण पिकलेल्यावर रंग फिका येतो कारण पिकताना स्टार्च तुटून साखर होते. खव्यात स्टार्चची भेसळ आहे का तेही असंच कळतं, थोडा खवा पाण्यात उकळायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच आयोडीन टाकायचं, गरम असताना निळा रंग दिसतच नाही.