स्टिअरिंगवरचं स्पीड लिमिटरचं बटण कधी दाबायचं, कधी नाही

बऱ्याच गाड्यांत क्रूझ कंट्रोलच्या शेजारीच स्पीड लिमिटरचं बटण असतं आणि लोक वर्षानुवर्षं त्याला हातही लावत नाहीत. मीही लावला नव्हता, एक्सप्रेसवेवर एकाच दिवशी दोन चलानं आली तेव्हा कुठे मॅन्युअल उघडलं.

क्रूझमध्ये पाय काढला तरी गाडी पळत राहते. लिमिटरमध्ये ॲक्सिलरेटर तुम्हीच दाबायचा, फक्त सेट केलेल्या आकड्याच्या पुढे गाडी ऐकत नाही. ट्रॅफिक कमीजास्त होत असेल तर मला क्रूझपेक्षा हेच बरं वाटतं.

लिमिटर ऑन करा, हव्या स्पीडला सेट दाबा, मग प्लस-मायनसने आकडा कमीजास्त करा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट पट्ट्यात कारला मर्यादा 100, समृद्धीवर 120. मीटर खऱ्या स्पीडपेक्षा थोडं जास्तच दाखवतं, त्यामुळे 100 ला लावून निवांत राहा. आणि जुलै 2019 नंतरच्या गाड्यांत 80 च्या पुढे बीप आणि 120 नंतर सतत बीप वाजते ना, तो लिमिटर नाही, ती नुसती बोंब मारते, रोखत कोणालाच नाही.

खरी गोची घाटात आहे. बहुतेक गाड्यांत लिमिटर फक्त इंजिनची पॉवर कापतो, ब्रेक मारत नाही, म्हणजे खंडाळ्याच्या उतारावर 50 लावून निर्धास्त बसलात तर गाडी आपल्या वजनानेच पुढे पळणार, तिथे गिअर खाली घ्या आणि ब्रेक वापरा, बटणावर विसंबू नका.

दोन लेनच्या रस्त्यावर ओव्हरटेक करायच्या आधी मी सरळ ऑफ करतो. पेडल तळापर्यंत दाबलं की लिमिटर सुटतो हे खरं, पण अर्धवट दाबलं तर सुटत नाही. मोकळ्या रस्त्यावर एकदा करून बघा, समोरून ट्रक येत असताना शिकायची गोष्ट नाही ही. टॅक्सीत 80 च्या पुढे गाडी जाऊच न देणारा गव्हर्नर असतो, त्याला तर पेडल दाबून सुटायची ही सोयही नसते, ड्रायव्हर बिचारा ट्रकच्या बाजूने रांगत जातो.

युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये कॅमेऱ्याने पाट्या वाचून लिमिट सांगणारी सिस्टीम सक्तीची आहे, ड्रायव्हरला ती बंद करता येते. आपल्याकडे अर्ध्या पाट्या झाडाआड, तो कॅमेरा वाचणार काय!

अजून एक, इंजिन बंद केलं की बऱ्याच गाड्यांत लिमिटरही ऑफ होतो, त्यामुळे फूडमॉलवर चहा पिऊन निघालात की परत सेट करा, माझं पुढचं चलान असंच आलं होतं.