समोरचं पाणी कोणत्या बायोमचं, हे ओळखायचं कसं?

जलीय बायोम, म्हणजे पाण्यातल्या परिस्थितीनुसार ठरणारा सजीवसृष्टीचा प्रकार, ओळखायला निघालेले बहुतेक जण आधी मासे आणि पाणवनस्पती शोधतात. क्रम उलटा हवा. आधी मीठ मोजा, मग पाणी वाहतं की साचलेलं ते पाहा, त्यानंतर उजेड, तापमान आणि ऑक्सिजन. सजीवांवरून शेवटी फक्त पडताळा घ्यायचा.

लिटरमागे ०.५ ग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तर पाणी गोडं. ३५ ग्रॅमच्या आसपास असतील तर खुला समुद्र. मधलं ते निमखारं, म्हणजे बहुधा खाडीचं. (क्षार खूप जास्त म्हणजे समुद्रच, असंही नाही. ज्यांतून पाणी बाहेर वाहत नाही अशी सरोवरं समुद्राहून कितीतरी खारट होतात. मृत समुद्रात लिटरमागे ३०० ग्रॅमहून जास्त क्षार आहेत.) रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो यावरून क्षार मोजणारं उपकरण) वापरण्याआधी डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाकून तो शून्यावर आणा. नमुना टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, नाहीतर तापमानातल्या फरकामुळे वाचन चुकतं. गोड्या पाण्यासाठी मात्र हे उपकरण कामाचं नाही, ०.२ आणि ०.८ मधला फरक त्यात दिसतच नाही. तिथे वाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारा मीटर लागतो. काहीच नसेल तर १०० मिली पाणी गाळून आटवा. समुद्राचं असेल तर साधारण ३.५ ग्रॅम मीठ मागे उरतं.

सर्वात जास्त फसगत खाडीत होते. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं आणि खारं पाणी तळाशी पाचरीसारखं आत घुसतं. वरवर बाटली बुडवली तर खाडीलाही नदी ठरवून मोकळे व्हाल. म्हणून चार नमुने घ्या: भरतीला वरचा आणि तळाचा, ओहोटीला वरचा आणि तळाचा. तळाच्या नमुन्यासाठी बुचाच्या बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा आणि बाटली खाली पोचल्यावर बूच ओढा.

पाणी वाहतं असेल तर १० मीटर अंतर आखून त्यात तरंगणारी वस्तू सोडा, तीनदा वेळ घ्या आणि सरासरी वेगाला ०.८५ ने गुणा, कारण तळाजवळचं पाणी घर्षणामुळे हळू जातं. जोरदार, खळाळत्या प्रवाहात गाळ टिकत नाही. दगड उलटले की खाली मेफ्लाय, स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्लं चिकटलेली सापडतात. संथ पट्ट्यात त्यांच्या जागी गाळात राहणाऱ्या अळ्या आणि कृमी येतात.

साचलेल्या पाण्यात उजेड किती खोल जातो ते पाहायला दोरीने सेकी तबकडी सोडा: २० सेंटिमीटर व्यासाची, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली. होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. ढोबळमानाने याच्या अडीच पट खोलीपर्यंत वनस्पतींना पुरेल इतका उजेड असतो. ही मर्यादा तळापर्यंत पोचत असेल तर पूर्ण तळावर वनस्पती रुजू शकतात. पोचत नसेल तर खोल पाण्याचा वेगळा, अंधारा थर आहे. दर मीटरला तापमान घेत जा. एका मीटरमध्ये ते एकदम १ अंश सेल्सिअसहून जास्त उतरलं, तर तिथून खालचं पाणी वरच्याशी मिसळत नाहीये आणि त्यातला ऑक्सिजन संपत जाण्याची शक्यता आहे.

ऑक्सिजन एकदाच मोजू नका. २० अंशांना गोडं पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम धरतं, ३० अंशांना ७.५. शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी याहून जास्त आकडा येतो आणि पहाटे तो २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतो. पाणथळीत तर चिखल काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असला की तिथे ऑक्सिजन नाही हे मीटरशिवायही कळतं.

समुद्रात प्रवाळ हवे असतील तर २३ ते २९ अंशांचं स्वच्छ, उथळ पाणी शोधा. नदीच्या मुखाशी ते फारसे सापडत नाहीत, गाळ आणि गोडं पाणी त्यांना मारतं. खडकाळ किनाऱ्यावर बार्नॅकलचा (खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्यांचा) पट्टा भरतीची पातळी दाखवतो. २०० मीटरच्या खाली प्रकाशसंश्लेषण होत नाही, १००० च्या खाली सूर्यप्रकाश पोचतच नाही. तरीही १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांभोवती दाट जीवसृष्टी सापडली, जी हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवणाऱ्या जिवाणूंवर जगते. तिथे सेकी तबकडीचा काही उपयोग नाही.