फोर-एच शेतात, डांबरावर टू-एच

हायलक्स किंवा व्ही-क्रॉस या पिकअपच्या पार्ट-टाइम (गरजेपुरत्या लावायच्या) फोर-व्हीलमध्ये मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. फोर-एच (चारही चाकांना ताकद; टू-एचमध्ये फक्त मागच्यांना) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाकं जास्त अंतर कापतात. उसाच्या फडातल्या चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), शाफ्ट, जॉइंटवर येतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, नंतर टू-एच पडतच नाही. अशा वेळी जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन-चार मीटर मागे घ्या, ताण सुटतो.

फोर-एल (कमी वेग, जास्त ताकद) टाकताना गाडी थांबवून गिअर न्यूट्रलला.

काही दुसऱ्या गाड्यांत ऑटो मोड असतो; त्यात पुढच्या चाकांना ताकद क्लचमधून, लागेल तेवढीच जाते. त्यामुळे पावसाळ्यात गगनबावड्याकडे निम्मा रस्ता ओला, निम्मा कोरडा असला तरी चालतो. तिथे पार्ट-टाइमवाल्याने टू-एचच ठेवावं आणि वेग कमी करावा. फोर-व्हीलने ब्रेक काही लवकर लागत नाही, हे घाटात बरेच जण विसरतात.

आणि दोनच टायर नवे टाकणं टाळा. पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा झाला की फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो.