ताळेबंद जुळला म्हणजे गणित बरोबर आले, असे नव्हे

एम.कॉम.च्या प्रगत वित्तीय लेखांकनासाठी दादरला माझ्याकडे येणारी मुले दरवर्षी त्याच चुका करतात. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक एकत्रित ताळेबंदाच्या, म्हणजे होल्डिंग कंपनी (बहुसंख्य शेअर हाती असलेली) आणि तिच्या ताब्यातील उपकंपनी यांच्या सामाईक ताळेबंदाच्या, गणितात होते, ती म्हणजे उपकंपनीचा खरेदीपूर्वीचा आणि खरेदीनंतरचा नफा वेगळा न करणे.

समजा, होल्डिंग कंपनीने 1 ऑक्टोबर 2023 रोजी उपकंपनीचे 80 टक्के शेअर घेतले. 1 एप्रिल 2023 रोजी उपकंपनीचा राखीव निधी 2,00,000 रुपये होता आणि वर्षाचा नफा 1,20,000 रुपये असून तो वर्षभर सारख्या गतीने झाला. यातले पहिल्या सहा महिन्यांचे 60,000 रुपये खरेदीपूर्वीचे, म्हणून कॅपिटल प्रॉफिट, म्हणजे खरेदीच्या दिवसापर्यंत साठलेला नफा, 2,60,000 रुपये धरायला हवे. उतावीळ विद्यार्थी 2,00,000 वरच थांबतो. त्यामुळे गुडविल (उपकंपनीच्या निव्वळ मालमत्तेतील आपल्या हिश्शापेक्षा जास्त मोजलेली किंमत) 60,000 च्या 80 टक्के, म्हणजे 48,000 रुपयांनी फुगते, समूहाचा नफाही नेमका तेवढाच फुगतो आणि ताळेबंद बिनबोभाट जुळतो.

कल्याणहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेत हेच केले होते. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या असताना गुण कापले गेले, म्हणजे तपासणीतच चूक झाली असणार, या खात्रीने तिने शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. आम्ही ती ओळीने वाचली, तेव्हा प्रश्नात दिलेली खरेदीची तारीख तिच्या वर्किंग नोट्समध्ये कुठेच आढळली नाही. मेहनतीत ती कमी पडली नव्हती. परंतु तिने गाइडमधली जी गणिते घोटून पाठ केली होती, त्यांत शेअरखरेदी नेहमी वर्षाच्या पहिल्याच दिवशी झालेली होती. सोडवलेली गणिते पाठ करण्याच्या या आडवाटेला माझा ठाम विरोध आहे, कारण परीक्षक आधी तारीखच बदलतो.

मी स्वतः आकड्यांना हात लावण्याआधी पानाच्या माथ्यावर एक आडवी रेघ ओढतो, तिच्यावर वर्षारंभ, खरेदीचा दिवस आणि वर्षअखेर मांडतो आणि प्रत्येक नफा व लाभांश त्या रेघेवर कुठे बसतो ते लिहितो. खरेदीपूर्व नफ्यातून मिळालेला लाभांश गुंतवणुकीच्या किमतीतून वजा होतो, हेही मग निसटत नाही.

समूहातल्याच कंपनीकडून घेतलेल्या, पण अजून बाहेर न विकलेल्या मालावरील न कमावलेला नफा काढताना टक्केवारी कशावर आहे ते वाचावे: 50,000 रुपयांच्या शिल्लक मालात मूळ किमतीवर 25 टक्के नफा असेल तर 10,000 रुपये वजा होतात, विक्री किमतीवर असेल तर 12,500.

बँकेच्या अंतिम खात्यांत वटवलेल्या बिलांवरील रिबेट (आधीच घेतलेली, पण पुढील वर्षाची सूट) ही देणी असून ती ताळेबंदाच्या परिशिष्ट 5 मध्ये, म्हणजे इतर देणी व तरतुदींत, जाते.

परदेशी शाखेच्या गणितात शाखा इंटिग्रल (मुख्य कार्यालयाच्याच कामाचा भाग) आहे की नॉन-इंटिग्रल (बरीचशी स्वतंत्रपणे चालणारी), हे ठरवल्याशिवाय एकही दर लावू नये. एएस 11 या परकीय चलनाविषयीच्या लेखामानकानुसार इंटिग्रल शाखेची मूळ किमतीला नोंदलेली स्थावर मालमत्ता खरेदीच्या दिवसाच्या दराने आणि विनिमय फरक नफा-तोटा खात्यात जातो. नॉन-इंटिग्रल शाखेत हीच मालमत्ता वर्षअखेरच्या दराने आणि फरक राखीव निधीत जातो.