व्हॅक्यूम उघडण्याआधी

अमेरिकेत काय, इंग्लंडात काय, घरभर कार्पेट असलं की उभा व्हॅक्यूम क्लीनर आलाच. आणि एक दिवस तो बोंबलायला लागला की घरातलं कुणीतरी 'मोटर गेली' म्हणून मोकळं होतं. मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. बिघाड असतो तो खालच्या गोल फिरणाऱ्या ब्रशात, तो फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यात किंवा कुठेतरी अडकलेल्या कचऱ्यात, आणि तो घरी सापडतो. फक्त स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी थोडी तयारी हवी.

आदल्या दिवशी दोन कामं उरका. धुता येण्यासारखा फिल्टर असेल तर तो साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवून वाळत टाका. पुरता वाळायला दिवसभर लागतो आणि ओला बसवला तर नवीच कटकट. दिवाळीनंतर कार्पेटवर सांडलेली रांगोळी व्हॅक्यूमने ओढली असेल तर फिल्टर हमखास चोंदलेला असणार, ती पूड फार बारीक. दुसरं काम म्हणजे मशीनच्या मागे किंवा तळाला चिकटवलेला मॉडेल नंबर लिहून घ्या. पट्टा त्या नंबरावरूनच मिळतो. 'साधारण असाच' म्हणून आणलेला बसत नाही.

मग नुसतं ऐका. शिट्टीसारखा आवाज म्हणजे हवा कुठेतरी कोंडलीय किंवा फटीतून निसटतेय. पाईप काढून उजेडाकडे धरून आरपार बघा, डब्याच्या कडेचं रबर चाचपा. टकटक आवाज येत असेल तर ब्रशापाशी काहीतरी आपटतंय किंवा पट्ट्याचे दाते गेलेत. पाईपात खडखडून गप्प झालेलं नाणं किंवा कानातल्याची फिरकी, तीही आठवून बघा. ब्रश बंद करायचं बटण असेल तर ते दाबून पाहा. आवाज थांबला तर दोष ब्रशाकडेच, निम्मं काम झालं.

आता सामान. जुनी चादर, टॉर्च, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर (काही कंपन्या चांदणीच्या आकाराचे स्क्रू वापरतात, तेव्हा आधी वाकून बघा), शिवण उसवायचं हत्यार आणि चिकटपट्टी. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून काढाल त्या क्रमाने पट्टीवर चिकटवा. पट्टा कसा गुंडाळलाय त्याचा फोटो काढल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि प्लग काढा. बटण बंद आहे एवढ्यावर भागवू नका, प्लगच काढा.

ब्रश बाहेर आला की त्याच्यावर गुंडाळलेले केस दिसतातच. खरी गोम दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली असते. तिथे केस आणि दोरे घट्ट दाबून नमद्यासारखी चकती तयार होते, बेअरिंगला फिरू देत नाही, आणि घर्षणाने कधीकधी शेजारचं प्लॅस्टिकही वितळतं. ती चकती उसवणीने कापून काढा, मग टोक बोटांत धरून फिरवा. गुळगुळीत फिरलं तर छान, किरकिरलं तर ब्रश बदलायचा. तेल घालायचा मोह होईल, पण घालू नका: तेलावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तेच कार्पेटला लागतं. सपाट पट्टा सैल, चकचकीत किंवा चिरलेला दिसला तर लगेच नवा घाला, तो काही महाग नसतो. जळक्या रबराचा वास याच पट्ट्याचा.

एवढ्यानेही आवाज जात नसेल तर पट्टा न घालता झाकण लावा आणि पाच-सात सेकंद चालवून बघा. घरघर तशीच राहिली तर दोष पंख्यात किंवा मोटरीत. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये कचरा पंख्यातूनच जातो, तिथे एखादं नाणं पातं तोडतं आणि दांडा हातात थरथरतो. असा पंखा बदलता येतो. पण वेग वाढेल तसा किंचाळत जाणारा आवाज, त्यात जळका वास किंवा ठिणग्या, म्हणजे मोटरीची बेअरिंग नाहीतर कार्बन ब्रश (मोटरीच्या आत फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) गेले. स्वस्तातल्या मशीनमध्ये ही दुरुस्ती बहुधा नव्याच्या किमतीला भिडते. मग पाईप आणि फिल्टर काढून ठेवा, बाकीचं इलेक्ट्रॉनिक कचरा घेतात तिथे देऊन या.