संकटात विश्वास टिकवताना या चुका टाळा

आईच्या आजारपणाची दोन वर्षं मी भांडुपहून परळच्या रुग्णालयात खेपा घालत होते. रविवारी चर्चच्या मंडळीत कुणी विचारलं, "कशी आहे आई?" की माझं उत्तर ठरलेलं असायचं : "प्रभूची स्तुती असो, सगळं ठीक आहे." रात्री मात्र प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटत नसे. माझ्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच. रडणं, तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं मी धरून चालले होते.

स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. १३ वं स्तोत्र सुरू होताच "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. बायबलमधल्याच ईयोबाने, ज्याचं सगळं हिरावलं गेलं होतं, देवाशी केवढा वाद घातला! तरी शेवटी (४२:७) देवाचा राग होतो तो त्याच्या मित्रांवर, ज्यांनी देवाची बाजू घेऊन त्याला उपदेश पाजला होता. म्हणून प्रार्थना सुचत नसेल तर १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, दोन स्टेशनांच्या आत वाचून होतात. गर्दीत मोठ्याने वाचवत नसेल तर "प्रभू, कुठवर?" एवढंच मनात म्हणा. तीही पूर्ण प्रार्थनाच आहे.

दुसरी चूक, देवाशी सौदा करण्याची. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, सगळ्या धर्मांची माणसं येतात. त्या भक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नऊ बुधवार म्हणजे नऊ हप्ते, ते भरले की काम झालंच पाहिजे, असं धरलं तर दहाव्या बुधवारी श्रद्धाच कोसळते. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य यरुशलेमेत प्रार्थना करत थांबून राहिले होते. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची प्रथा त्या थांबण्याची आठवण ठेवते. येशूचा प्रेषित पौल यानेही शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे."

पौलाच्याच रोमकरांस पत्रात (५:३-४) क्रम दिला आहे : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशा सगळ्यात शेवटी आहे. आपण ती पहिल्याच दिवशी मागतो आणि मिळाली नाही की आपलंच काही चुकलं असं समजतो.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. पुढचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा. उपासाच्या नावाखाली जेवण टाळत असाल, "प्रभू बरं करील" म्हणून गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच डॉक्टरांशी बोला. झोप उडाली असेल, सतत मरणाचे विचार येत असतील, तर पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगा आणि डॉक्टरकडेही जा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्याकडे वरचेवर दिलं जातं. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पण हे उदाहरण खचलेल्या माणसाच्या तोंडावर फेकू नका. "त्यांनी एवढं सोसलं, तुझं काय एवढंसं," असं मलाही ऐकवलं गेलं होतं. त्यानंतर महिनाभर मी चर्चमधल्या भक्तीला गेले नाही.

भक्तीला जाणं जड जात असेल तर मागच्या बाकावर बसा, गीत म्हणवत नसेल तर ऐका, पण एका तरी माणसाला खरं काय ते सांगा. "एकमेकांची ओझी वाहा" असं वचन आहे, आणि ओझं दाखवलंच नाही तर उचलणार कोण? मी शेवटी आमच्या मंडळीतल्या एका वयस्क बाईंना सांगितलं. त्या दर शुक्रवारी आमटीभाताचा डबा घेऊन परळला यायच्या. आईच्या खाटेपाशी प्रार्थना त्याच करायच्या, मी फक्त "आमेन" म्हणायचे. कितीतरी महिने माझी प्रार्थना तेवढीच होती.